आधी सावली, मग कापड, शेवटी मलम

नंदुरबार जिल्ह्यात ऊन टाळून पोट भरत नाही. दिवाळीनंतर नंदुरबार शहराभोवतीच्या पथाऱ्यांवर मिरची वाळते ती उन्हावरच. धडगावच्या डोंगरात एप्रिल-मेमध्ये कैरीच्या फोडी पसरून आमचूर करतात, तोही उन्हावरच. मोहाची फुलं वेचणं, कापूस वेचणं, ऊसतोड, शहाद्याकडची पपईची तोडणी ही सगळी उघड्यावरची कामं. अशा माणसाला ‘दुपारी घराबाहेर पडू नका’ एवढंच सांगून भागत नाही. बाहेर राहूनच कातडी कशी जपायची, ते इथे पायरीपायरीने पाहू.

सुरुवातीलाच एक गोष्ट स्पष्ट करून घेऊ. सावळा किंवा काळा रंग हा आजार नाही आणि तो घालवणं हा या लेखाचा हेतू नाही. उन्हाने कातडीला होणारी इजा टाळणं, एवढंच आपल्याला साधायचं आहे. रंग आणि इजा यांची गल्लत झाली की माणसं भलत्याच मलमांच्या नादी लागतात. त्याबद्दल पुढे सविस्तर येईलच.

पायरी १: उन्हात काय काय असतं

उन्हातून आपल्याला तीन गोष्टी मिळतात: उजेड, उष्णता आणि अतिनील किरण. उजेड डोळ्यांना दिसतो, उष्णता अंगाला जाणवते. अतिनील किरण मात्र दिसतही नाहीत आणि जाणवतही नाहीत. कातडीचं बहुतेक नुकसान तेच करतात.

अतिनील किरणांचे दोन प्रकार आपल्यापर्यंत पोचतात. ‘यूव्ही-बी’ कातडीच्या वरच्या थरात अडकतात आणि ती भाजतात. ‘यूव्ही-ए’ त्याहून खोल जातात. कातडी काळवंडते, सैल पडते, अकाली सुरकुतते ती त्यांच्यामुळे. पहिले दुपारी जोरात असतात, दुसरे सकाळपासून संध्याकाळपर्यंत कमी-जास्त चालूच असतात.

इथेच पहिली चूक होते. गारवा असला की ऊन लागत नाही, असं आपण धरून चालतो. तोरणमाळला हवा थंड असते, वारा असतो, म्हणून टोपी गाडीतच राहते. ते ठिकाण समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच आहे आणि दर हजार मीटरला अतिनील किरण साधारण दहा टक्क्यांनी वाढतात. यशवंत तलावाच्या काठावर गार वाऱ्यात बसलेल्या माणसाची मान घरी पोचेपर्यंत चुरचुरायला लागते, ती यामुळे.

ढगांचंही तसंच. पातळ, विरळ ढगांतून बरेचसे अतिनील किरण खाली येतात. आभाळ भुरकट दिसलं म्हणजे आपण सुटलो असं नाही.

पायरी २: स्वतःची सावली पाहा

अतिनील किरण किती तीव्र आहेत हे कळायला यंत्र लागत नाही. मोकळ्या जागी सपाट जमिनीवर उभं राहून आपली सावली पाहावी. सावली उंचीपेक्षा लांब असेल तर किरण तिरपे येताहेत, जोर कमी आहे. सावली उंचीपेक्षा आखूड झाली की सांभाळायची वेळ आली.

आपल्या जिल्ह्यात घड्याळात बारा वाजतात तेव्हा सूर्य अजून माथ्यावर आलेला नसतो. भारताचं घड्याळ प्रयागराजजवळून (पूर्वीचं अलाहाबाद) जाणाऱ्या रेखावृत्तावर चालतं आणि नंदुरबार त्याच्या बरंच पश्चिमेला आहे. म्हणून इथली खरी माध्यान्ह साडेबाराच्या सुमारास होते. ‘बारा वाजून गेले, आता ऊन उतरेल’ हा हिशेब इथे चुकतो. साडेअकराला जेवढं ऊन, तेवढंच दीडला असतं.

मेच्या मध्यात आपली सावली सकाळी सव्वानऊच्या सुमारास उंचीएवढी होते, मग आखूड होत जाते आणि पुन्हा उंचीएवढी व्हायला पावणेचार वाजतात. मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात हाच काळ दहा ते सव्वातीन असतो. डिसेंबरच्या अखेरीस तर भर दुपारीही सावली जवळजवळ आपल्या उंचीएवढीच राहते. मेअखेर आणि जुलैच्या मध्यात सूर्य थेट डोक्यावर येतो आणि क्षणभर उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्याला शून्य सावली दिवस म्हणतात. जुलैचा दिवस बहुधा ढगात जातो, मेचा मात्र आपल्या अंगावरच येतो.

मोबाइलवर हवामान पाहत असाल तर त्यात ‘यूव्ही इंडेक्स’ नावाचा आकडा असतो. अतिनील किरणांची ती मोजपट्टी आहे. २ पर्यंत काळजी नको, ३ पासून संरक्षण सुरू करावं, ८ च्या पुढे जास्त जपावं आणि ११ च्या पुढे अतितीव्र. उन्हाळ्यात स्वच्छ आभाळाच्या दुपारी आपल्याकडे हा आकडा ११ च्या आसपास किंवा वर जातो.

पायरी ३: रापणं म्हणजे काय, ते समजून घ्या

कातडीत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या मेलॅनिन नावाचं काळपट द्रव्य बनवतात. अतिनील किरणांनी पेशींच्या आतल्या गुणसूत्रांना इजा झाली की त्या रंगपेशींना निरोप धाडतात. मग जास्तीचं मेलॅनिन तयार होतं आणि प्रत्येक पेशीच्या केंद्रावर आच्छादनासारखं बसतं. उन्हात गेल्यावर दोन-तीन दिवसांनी रंग गडद होतो, तो यामुळे. म्हणजे रापणं ही इजा झाल्यानंतरची डागडुजी आहे.

म्हणून ‘सुरक्षित रापणं’ असं काही नसतं. परदेशात लोक मुद्दाम उन्हात पडून किंवा दिव्यांच्या यंत्रात झोपून कातडी रापवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००९ मध्ये ही यंत्रं कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकली. त्याच गटात तंबाखू आहे. तिकडे राहणाऱ्या नातलगांना सुट्टीआधी ‘थोडं रापून घेऊ, मग भाजणार नाही’ असा सल्ला मिळाला, तर तो मानू नये. रापलेल्या कातडीचं संरक्षण अगदी हलक्या सनस्क्रीनपेक्षाही कमी भरतं.

आपली सावळी कातडी जन्मतःच जास्त मेलॅनिन बाळगते. त्यामुळे गोऱ्या लोकांच्या मानाने आपण उशिरा भाजतो आणि कातडीचा कर्करोगही आपल्यात पुष्कळ कमी आढळतो. पण उशिरा म्हणजे कधीच नाही, असं नव्हे. वांग, काळे चट्टे, उन्हाची खाज, डोळ्यांचे त्रास हे सगळं सावळ्या माणसांनाही होतं. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, म्हणून भाजलेलं वेळेवर लक्षात येत नाही. कातडी गरम लागणं, ताणल्यासारखी वाटणं, कपडा घासला की दुखणं आणि चार दिवसांनी पापुद्रे सुटणं, या खुणांवर लक्ष ठेवावं.

पायरी ४: कामाची वेळ हलवा

सगळ्यात स्वस्त उपाय हाच. मोहाची फुलं वेचणारे पहाटे निघतात, कारण फुलं रात्री-पहाटे गळतात. त्यांचं बरंचसं काम ऊन चढायच्या आत उरकतं. बाकीच्या कामांतही असा वेळ काढता येतो का, ते पाहावं.

संपूर्ण काम हलवता येत नसेल तर त्याची वाटणी करावी. उघड्यावरचं काम सकाळी, बसून करायचं काम दुपारी. पथारीवर मिरची पसरणं आणि उलथणं सकाळी व उतरत्या उन्हात, देठ खुडणं आणि निवड करणं दुपारी सावलीत. शेतात फवारणी, निंदणी सकाळी. अवजारांची दुरुस्ती, पपईची प्रतवारी दुपारी. दुपारचे दोन तास जरी वाचले तरी दिवसभराच्या अतिनील किरणांचा मोठा वाटा चुकतो.

पायरी ५: सावली जिथे नाही तिथे उभी करा

गर्द कडुनिंबाची किंवा आंब्याची सावली उत्तम. बाभळीची विरळ सावली गार वाटते, पण तिच्यातून बरेच किरण झिरपून येतात. साधी खूण अशी, की सावलीत बसून वर पाहिल्यावर आभाळ जेवढं दिसतं, तेवढं ऊन आपल्यापर्यंत पोचतं.

शेतकऱ्यांच्या घरी शेडनेट असते. हिरवी जाळी लावली की काम झालं, असं वाटतं. पण ५० टक्क्यांची जाळी साधारण अर्धं ऊन आत सोडते. माणसांना बसायला ७५ टक्क्यांची किंवा त्याहून घट्ट जाळी घ्यावी, नाहीतर ५० टक्क्यांचीच दुहेरी टाकावी. जुनी गोधडी किंवा ताडपत्री त्याहून चांगली, फक्त वारा खेळायला बाजू उघड्या ठेवाव्या.

गाडीत आणि एसटीत बसल्यावरही ऊन असतं. खिडकीची साधी काच यूव्ही-बी अडवते, पण यूव्ही-ए पुष्कळ आत येऊ देते. मालट्रक चालवणाऱ्यांचा खिडकीकडचा उजवा हात डाव्यापेक्षा काळा पडतो, तो त्यामुळे. रोजचा प्रवास असेल तर सावलीची बाजू पकडावी. वाहन चालवणाऱ्यांनी बाह्या मनगटापर्यंत ठेवाव्या.

पायरी ६: कापड नीट निवडा

शहाद्याकडे पपईची कोवळी रोपं उन्हाळ्यात पातळ आच्छादनाखाली वाढवतात. माणसाच्या कातडीलाही तेच लागू पडतं: वर एक थर हवा.

कापड विकत घेताना ते उजेडाकडे धरून पाहावं. आरपार बोटं दिसत असतील तर किरणही आरपार जातात. घट्ट विणीचं सुती कापड चांगलं. पांढरा रंग उष्णता परतवतो, पण अतिनील किरण अडवण्यात तितकाच पातळ गडद कपडा सरस ठरतो. म्हणून पांढरा सदरा घ्यायचा तर जाड विणीचा घ्यावा. निळा, खाकी, मरून चालत असेल तर उत्तम.

कपडा सैल हवा. अंगाला ताणून बसलेल्या कापडाची वीण उघडते. घामाने चिंब झालेला सुती सदराही कोरड्यापेक्षा जास्त किरण आत सोडतो. शक्य असेल तर दुपारी कोरडा सदरा चढवावा. त्याने घामोळंही कमी होतं.

नेहमीची चूक बाह्यांची. ‘गरम होतं’ म्हणून बाह्या कोपरावर चढवल्या जातात आणि मनगटापासून कोपरापर्यंतचा भाग दिवसभर उघडा राहतो. जुन्या सदऱ्याच्या बाह्या कापून, वरच्या टोकाला इलॅस्टिक घातलं की हातमोज्यासारखी बाही तयार होते. मिरचीच्या कामात तिखटापासूनही तिने बचाव होतो.

पायरी ७: डोकं, मान, डोळे, ओठ

गांधी टोपी डोकं झाकते, पण कान, मान आणि गाल उघडेच राहतात. क्रिकेटची टोपी कपाळावर सावली धरते आणि मान विसरते. चार बोटं रुंद काठाची गोल टोपी सर्वांत बरी. ती नसेल तर मोठा रुमाल डोक्याला असा गुंडाळावा की त्याचं टोक मानेवर सुटेल. बायकांनी डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत पुढे ओढला तर पुष्कळ काम होतं. पातळ सिंथेटिक पदर असेल तर त्याखाली सुती रुमाल बांधावा.

दुचाकीवर मुली तोंडाला स्कार्फ बांधतात. सवय चांगली आहे. त्यावर हेल्मेट येईलच, हे मात्र पाहावं.

डोळ्यांना उन्हाचा त्रास सावकाश होतो. वर्षानुवर्षं ऊन आणि धूळ लागली की पांढऱ्या भागावरून बुबुळाकडे सरकणारा मांसल पडदा वाढतो. मोतीबिंदूही लवकर धरतो. गॉगल घेताना काचेचा गडदपणा पाहून फसू नये. गडद पण साध्या काचेमागे बाहुली मोठी होते आणि किरण जास्तच आत शिरतात. त्यावर ‘यूव्ही ४००’ लिहिलेलं असावं.

खालचा ओठ वर पाहतो, म्हणून त्याला ऊन जास्त लागतं. तो सतत फुटत असेल तर ओठांसाठीचं एसपीएफ असलेलं मलम लावावं. जिभेने ओठ ओले करत राहिलं की ते आणखी फुटतात.

पायरी ८: सनस्क्रीन, म्हणजे उन्हाचं मलम

हे मुद्दाम आठव्या पायरीवर आलं आहे. कपड्याने जे झाकता येत नाही तेवढ्यापुरतंच मलम: चेहरा, मानेचा पुढचा भाग, हातांची पाठ.

डब्यावर एसपीएफ लिहिलेलं असतं. यूव्ही-बी किती अडतात, त्याचा तो आकडा. एसपीएफ ३० साधारण ९७ टक्के अडवतो, ५० साधारण ९८ टक्के. आकडा दुप्पट झाला म्हणून संरक्षण दुप्पट होत नाही. त्यामुळे महागड्या १०० च्या मागे लागू नये. ३० किंवा ५० पुरे. यूव्ही-एसाठी ‘पीए’ आणि त्यापुढे अधिकची चिन्हं असतात. तीन किंवा चार चिन्हं असलेलं घ्यावं.

सर्वांत मोठी चूक मापाची होते. वाटाण्याएवढं मलम चेहऱ्यावर पुसलं तर डब्यावरच्या आकड्याचा थोडासाच भाग आपल्याला मिळतो. तर्जनी आणि मधलं बोट यांच्या पूर्ण लांबीवर दोन रेघा ओढाव्या; चेहरा आणि मान मिळून एवढं मलम लागतं. बाहेर पडण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावावं. घाम येत असेल, तोंड पुसलं असेल, तर दोन तासांनी पुन्हा लावावं. सकाळी एकदा लावून संध्याकाळपर्यंत विसरून जाणं म्हणजे पैसे वाया.

काही मलमांनी सावळ्या चेहऱ्यावर पांढुरकी झाक येते. त्यात बहुधा झिंक ऑक्साइड किंवा टिटॅनियम डायऑक्साइड असतं. अपाय काही नाही, पण दिसायला नको वाटतं म्हणून लोक कमी लावतात. कातडीच्या रंगाची, आयर्न ऑक्साइड घातलेली मलमंही मिळतात. ज्यांना वांग आहे त्यांना ती विशेष उपयोगी पडतात, कारण वांग नुसत्या उजेडानेही गडद होतो आणि आयर्न ऑक्साइड तो उजेड काही प्रमाणात अडवतं.

मिरचीत हात घालणाऱ्यांसाठी एक सूचना. तिखटाचा अर्क पाण्यात विरघळत नाही, तेलात विरघळतो. नुसत्या पाण्याने हात धुऊन चेहऱ्याला मलम लावलं तर तोंडाची आग होते आणि दोष मलमाला जातो. आधी हातांना खाद्यतेल चोळावं, मग साबणाने दोनदा धुवावेत, त्यानंतरच तोंडाला हात लावावा. मलम कामावर जाण्याआधी घरीच लावलं तर उत्तम.

डबा दुचाकीच्या डिकीत ठेवू नये. उन्हाने तापून मलम फुटतं, पाणी आणि तेल वेगळं होतं. तसं झालं किंवा मुदत उलटली की टाकून द्यावं. खोबरेल तेल उन्हापासून संरक्षण देतं असा समज आहे. त्याचं संरक्षण फार तुटपुंजं असतं. रात्री कोरड्या कातडीला ते जरूर लावावं.

पायरी ९: ‘कोवळं ऊन’ आणि ड जीवनसत्त्व

ड जीवनसत्त्व कातडीत तयार व्हायला यूव्ही-बी लागतात. ते तिरप्या उन्हात फार थोडे असतात. म्हणून सकाळी सातच्या कोवळ्या उन्हात प्रसन्न वाटतं, पण ड जीवनसत्त्व जवळजवळ तयार होत नाही. सावली उंचीपेक्षा आखूड असते तेव्हाच ते नीट बनतं. काचेआडच्या उन्हातही ते बनत नाही.

मग करायचं काय? दिवसभर शेतात किंवा पथारीवर असणाऱ्यांना यासाठी वेगळं ऊन घ्यायची गरज नाही. जे घरात, दुकानात, कार्यालयात असतात त्यांनी आठवड्यातून दोन-तीन वेळा, दहाच्या पुढे, हात-पाय उघडे ठेवून अर्ध्या तासाच्या आत ऊन घ्यावं. चेहरा झाकलेला चालतो. उन्हाळ्यात वेळ आणखी कमी करावा. हाडं दुखत असतील किंवा तपासणीत कमतरता निघाली असेल, तर उन्हात बसण्याचा वेळ वाढवत न्यायचा नाही. डॉक्टर गोळ्या देतील त्या घ्याव्या.

पायरी १०: लहान मुलं

सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला थेट उन्हात ठेवू नये आणि सनस्क्रीनही लावू नये. त्याला सावली आणि सैल सुती कपडे पुरेत. शेताच्या बांधावर झोळी बांधताना सूर्य सरकतो हे लक्षात घ्यावं. सकाळी सावलीत असलेली झोळी अकराला उन्हात येते.

शाळकरी मुलांच्या गालांवर उन्हाळ्यात फिकट, खरखरीत चट्टे उठतात. कोणी म्हणतं कॅल्शियम कमी, कोणी म्हणतं जंत, कोणी कोडाच्या भीतीने रडकुंडीला येतं. बहुतेक वेळा तो कोरड्या कातडीचा साधा प्रकार असतो. आजूबाजूची कातडी रापली की तो उठून दिसतो. साधं मलम किंवा खोबरेल तेल आणि ऊन कमी, एवढ्यावर तो काही महिन्यांत जातो. चट्टा दुधासारखा पांढराफटक असेल किंवा तिथे स्पर्श कळत नसेल, तर मात्र डॉक्टरांना दाखवावं. बधिर चट्टा कुष्ठरोगाची खूण असू शकते आणि त्यावरचे उपचार सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

पायरी ११: भाजलंच तर

सावलीत यावं. भाजलेल्या जागी गार पाण्याच्या घड्या पंधरा-वीस मिनिटं ठेवाव्या. बर्फ थेट लावू नये. पाणी, ताक पीत राहावं. कातडी किंचित ओलसर असतानाच साधं मलम किंवा कोरफडीचा गर लावावा. कोरफडीचं पान कापल्यावर निघणारा पिवळा चीक आधी निथळू द्यावा, त्याने खाज सुटते.

फोड आले तर फोडू नयेत. टूथपेस्ट, हळद-चुना, शाई यातलं काहीही लावू नये. पुष्कळ भागावर फोड, ताप, उलटी, किंवा लहान मूल भाजलेलं असेल, तर लगेच दवाखाना गाठावा.

पायरी १२: रंग उतरवण्याच्या नादात होणाऱ्या चुका

रापलेला रंग आपोआप उतरतो. कातडीचा वरचा थर साधारण महिनाभरात नवा होतो. दोन-तीन महिन्यांत बराच फरक दिसतो. अट एकच, की रोज नवं ऊन लागता कामा नये. एका बैठकीत रंग उतरवणारे उपाय कातडी खरवडतात किंवा ब्लीच करतात, आणि ती पुढच्या उन्हाला जास्त हळवी होते.

लिंबू चोळून उन्हात जाणं सर्वांत वाईट. लिंबाच्या रसातली काही द्रव्यं उन्हाशी मिळून कातडी भाजतात. मग ओघळाच्या आकाराचे काळे डाग पडतात आणि महिनोन् महिने जात नाहीत. उन्हात लिंबू सरबत विकणाऱ्यांच्या हातांवरही असे डाग येऊ शकतात.

त्याहून धोक्याची आहेत ती औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय आणलेली ‘गोरं करणारी’ मलमं. त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड, हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनोइन एकत्र असतात. पंधरा दिवस चेहरा उजळतो. मग कातडी पातळ होते, शिरा दिसू लागतात, पुरळ येतं, चेहऱ्यावर लव वाढते आणि थोड्या उन्हानेही आग होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. कोणी बरेच दिवस वापरत असेल तर एकदम बंद केल्यावर चेहरा भडकतो. डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू सोडावं. नाव-गाव नसलेल्या डबीत पारा असू शकतो आणि तो मूत्रपिंडं बिघडवतो. अशी डबी घरात ठेवूच नये.

पायरी १३: ‘उन्हामुळे’ वाटणारे, पण वेगळे आजार

मानेच्या मागे आणि हातांवर मार्च-एप्रिलमध्ये बारीक, फिकट, खाजरे दाणे उठतात. ही उन्हाची ॲलर्जी आपल्याकडे पुष्कळांना असते. झाकून राहिलं की ती बसते.

गाजरगवताची ॲलर्जी वेगळी. हे गवत १९५० च्या दशकात पुण्यात पहिल्यांदा नोंदलं गेलं आणि तिथून सर्वत्र पसरलं. त्याचे कण हवेतून येऊन बसतात. पापण्या, कानामागची जागा, हनुवटीखालचा भाग, कोपराची घडी इथे पुरळ असेल तर संशय त्याचा. कारण या जागी ऊन कमीच पोचतं. पुढे पुढे अशा माणसाला ऊनही सोसेनासं होतं. बांधावरचं गवत फुलायच्या आत, हातमोजे घालून, दुसऱ्याकडून उपटून घ्यावं.

हातांची पाठ, पावलं आणि गळ्याभोवतीचा पट्टा दोन्ही बाजूंनी सारखाच काळा, जाड, खपलीदार झाला असेल आणि सोबत जुलाब, जिभेची आग, विसराळूपणा असेल, तर ते नुसतं रापणं नव्हे. तो पेलाग्रा, म्हणजे नायसिन या ब जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा आजार असू शकतो. फक्त ज्वारी किंवा मक्यावर भागवणाऱ्या गरीब घरांत आणि दारूचं व्यसन असणाऱ्यांत तो आढळतो. हैदराबादच्या पोषण संशोधकांनी १९६० च्या सुमारास ज्वारी खाणाऱ्या भागात त्याचा अभ्यास केला होता. गोळ्या स्वस्त आहेत, गुण लवकर येतो. शेंगदाणे, डाळी, अंडी, मासे जेवणात आले की तो परतत नाही.

काही औषधांनीही ऊन बाधतं: डॉक्सिसायक्लिन, रक्तदाबावरचं हायड्रोक्लोरोथायझाइड, नायट्यावरचं ग्रिसिओफुल्विन. गोळी सुरू झाल्यावर अचानक कातडी भाजू लागली तर डॉक्टरांना सांगावं. गोळी आपल्या मनाने बंद करू नये. कोडाच्या पांढऱ्या जागी मेलॅनिन नसतं, म्हणून त्या पटकन भाजतात. जन्मतःच पूर्ण अंग आणि केस पांढरे असलेल्यांना कर्करोगाचा धोका खरोखर मोठा असतो. त्यांनी वर सांगितलेलं सगळं आयुष्यभर पाळावं. महिन्याभरात न भरणारी जखम किंवा वाढत जाणारी गाठ कोणाचीही असो, दाखवावीच.

पायरी १४: उष्णतेचा हिशेब वेगळा

मलमाने कातडी वाचते, उष्माघात टळत नाही. खिशातला कांदाही तो टाळत नाही. कांदा भाकरीबरोबर खावा. तहान लागायची वाट न पाहता दर अर्ध्या तासाला थोडं पाणी प्यावं. चक्कर, मळमळ, बडबड, तापलेलं अंग दिसलं की माणसाला सावलीत आडवं करावं, कपडे सैल करून अंगावर पाणी ओतावं, वारा घालावा आणि १०८ ला फोन लावावा.

आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ आहेत. या आजारात तांबड्या रक्तपेशी विळ्यासारख्या वाकतात. अंगातलं पाणी कमी झालं की त्या रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. ज्यांच्याकडे सिकलसेलचं कार्ड आहे त्यांनी दुपारचं काम टाळणं आणि पाण्याची बाटली जवळ ठेवणं हा औषधाचाच भाग समजावा.

पायरी १५: पैसे कोणत्या क्रमाने खर्चायचे

हातात थोडेच पैसे असतील तर आधी रुंद काठाची टोपी किंवा मोठा सुती रुमाल घ्यावा. मग लांब बाह्यांचा जाड सुती सदरा. मग ‘यूव्ही ४००’चा गॉगल. त्यानंतर पैसे उरले तर एसपीएफ ३० चं मलम. जाहिराती हा क्रम उलटा सांगतात, कारण टोपी पाच वर्षं टिकते आणि मलमाची डबी महिन्यात संपते.

आपण मजूर लावणारे असाल, पथारी आपली असेल, मुकादमी आपल्याकडे असेल, तर चौथी आणि पाचवी पायरी आपल्याच हातात आहे. वेळ आणि सावली मजुराला स्वतःची स्वतः ठरवता येत नाही. पथारीच्या एका कडेला दुहेरी जाळीचा मांडव, त्याखाली पाण्याचा माठ आणि साडेअकरा ते तीन उघड्यावरचं काम बंद, एवढं झालं तर तिथल्या वीस जणींना मलमाची डबी विकत घ्यावी लागणार नाही.